खुफू गवंडी होता का?

आमच्या केंद्रातील शाळांची सामान्यज्ञान स्पर्धा दरवर्षी होते. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी पन्नास प्रश्नांचा पेपर असतो आणि त्यांतले दहा प्रश्न जगाच्या इतिहासावर असतात. काही वर्षांपूर्वी हा पेपर काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्ग सांभाळायचा, पोषण आहाराची नोंदवही भरायची, वरून येणारी सर्वेक्षणे करायची, यातून वेळ काढून पेपर काढायचा होता. तेव्हा सगळे करतात तेच मी केले. बाजारात मिळणारी दोन मार्गदर्शके पुढ्यात घेतली आणि प्रश्न उतरवून काढले. अमेरिकेचा शोध कोणी लावला? कोलंबस. पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम कोणी केली? मॅगेलन. छपाईचा शोध कोणी लावला? गुटेनबर्ग. उत्तरतालिका पाठच्या पानावर तयारच होती.

पेपर तपासताना आमच्याच शाळेतल्या पाचवीतील एका मुलीच्या उत्तरापाशी मी क्षणभर थांबले. प्रश्न होता, 'गिझाचा मोठा पिरॅमिड कोणी बांधला?' उत्तरतालिकेत होते, 'खुफू'. तिने लिहिले होते, 'गवंड्यांनी'. मी लाल फुली मारून पुढे गेले. तो एक गुण मिळाला असता तर तालुक्याला जाणाऱ्या तिघांच्या संघात ती बसली असती.

पेपर वाटले त्या दिवशी ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तिचे वडील गवंडीकाम करतात, आई त्यांच्या हाताखाली घमेली वाहते. भांडायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले, "बाई, खुफू गवंडी होता का?"

मी म्हटले, "नाही गं, राजा होता."

"मग त्याने बांधला कसा?"

"बांधून घेतला. म्हणजे बांधलाच की."

तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. तिला पटले नव्हते. घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की मलाही पटलेले नाही. हा लेख त्या एका गुणाबद्दल आहे.

कोणी म्हणेल, लहान मुलांच्या प्रश्नमंजूषेत एवढे काय आहे? चार गोष्टी पाठ होतात, स्पर्धेची सवय लागते. परंतु आपण हे लक्षात घेतले पाहिजे की प्राथमिक शाळेतल्या मुलाला जगाचा इतिहास फार थोडा भेटतो. महाराष्ट्रात चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, आणि तो असावाच. जगाचे म्हणाल तर या वयात जे हाती लागते ते बहुधा अशा एकओळी प्रश्नोत्तरांतून. पुढे पुष्कळ मुलांची शाळा सुटते. ज्यांची सुटते त्यांत आपली मुले किती असतात हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. त्यांच्याजवळ जगाचा इतिहास म्हणून उरतात त्या या दहा ओळी.

आता या दहा ओळींची घडण पाहा. प्रत्येक प्रश्नात 'कोणी' असते आणि उत्तरात एकच नाव. प्रश्नाचा साचाच असा आहे की त्यात फक्त तोच माणूस मावतो ज्याचे नाव शिलालेखावर, नाण्यावर, दरबारी कागदावर कोरले गेले. ज्याला लिहिता येत नव्हते, किंवा ज्याच्याविषयी कोणी लिहिले नाही, तो या साच्यात शिरूच शकत नाही. मार्गदर्शक लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असे नाही. साचाच आपले काम करतो, आणि नऊ-दहा वर्षांचे मूल एवढे शिकते की जगात काही घडवणारे थोडे लोक होते, त्यांची नावे आपल्यासारखी नव्हती, आणि आपले लोक तेव्हा कुठेच नव्हते.

त्या मुलीच्या प्रश्नाने मला वाचायला भाग पाडले. त्यातून जे हाती आले ते एकेका प्रश्नानुसार सांगते.

पिरॅमिडपासून सुरुवात करू. इथे मला एक कबुली द्यायची आहे. एका भीमजयंतीच्या सभेत मी स्वतः ठासून सांगितले होते की पिरॅमिड गुलामांनी चाबकाचे फटके खात बांधले. टाळ्याही मिळाल्या. हे विधान चुकीचे होते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इ. स. पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेला तेव्हा तिथे त्याने ऐकले की एक लाख माणसे पाळीपाळीने या कामावर राबत होती. पण तो गेला तेव्हा पिरॅमिडला दोन हजार वर्षे होऊन गेली होती. त्याचे ऐकीव पुढे चालत आले, चित्रपटांनी त्यात चाबूक घातला आणि आपण तो उचलला.

खरा पुरावा जमिनीतून निघाला. पिरॅमिडच्या दक्षिणेला पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांना कामगारांची वसाहत सापडली. पाव भाजण्याच्या भट्ट्या, धान्याची कोठारे, आणि गुरे, शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांचे ढीग तिथे निघाले. म्हणजे काम करणाऱ्यांना पाव आणि मांस मिळत होते. १९९० मध्ये जवळच कामगारांच्या कबरी उजेडात आल्या आणि झाही हवास यांनी त्या उकरल्या. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, सन्मानाने पुरलेली ही माणसे विकत घेतलेले गुलाम असण्याचा संभव नाही. परंतु त्यांच्या हाडांनी दुसरेही काही सांगितले. पाठीचे मणके झिजलेले होते, हातापायांची हाडे मोडून पुन्हा जुळलेली होती. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल्-जर्फ येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर तालेत यांना पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेल्या पपायरसांपैकी आज ज्ञात असलेले हे सर्वांत जुने. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. आपल्या टोळीला घेऊन तो तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेतून गिझाला नेत होता, आणि कोणत्या दिवशी कुठे मुक्काम केला हे लिहून ठेवत होता. साडेचार हजार वर्षांपूर्वी खुफूच्या पिरॅमिडसाठी दगड वाहणाऱ्या एका टोळीच्या मुकादमाचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे.

मग हे कामगार मोकळे होते का? तसेही म्हणता येत नाही. राज्याला ठरावीक काळ श्रम देणे त्यांच्यावर बंधनकारक होते. आपल्याकडे याला शब्द आहे, वेठ. या शब्दाचा अर्थ आपल्या आजोबांना शब्दकोशात पाहावा लागत नव्हता. बाजारात विकला जाणारा गुलाम आणि वेठीला धरलेला माणूस यांत फरक आहे, आणि तो फरक आपणच नीट सांगितला पाहिजे. आपल्या बाजूचे असत्य बोललो म्हणून ते सत्य होत नाही. उलट ज्यांच्याविषयी बोलतो त्यांच्यावर तो दुसरा अन्याय होतो. आधी त्यांचे काम राजाच्या नावावर गेले, आणि मग त्यांचे कसब, त्यांची टोळी, त्यांची रोजनिशी चाबकाच्या चित्राखाली पुसली गेली.

याच इजिप्तमधली आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडते. इ. स. पू. बाराव्या शतकात, तिसऱ्या रामेसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचे धान्य थकले. दैर अल्-मदिना या गावात राहणारे हे कारागीर हत्यारे खाली ठेवून निघाले आणि देवळांच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथवर घेऊन आली, वरच्यांना कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. हे सारे एका लेखनिकाने लिहून ठेवले आणि तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. इतिहासात नोंदला गेलेला हा पहिला संप. रामेसेसचे नाव मार्गदर्शकात असते, संपाचे नसते.

दुसरा प्रश्न अमेरिकेच्या शोधाचा. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामातल्या ज्या बेटावर उतरला त्या बेटाला नाव होते. तिथले लोक त्याला ग्वानाहानी म्हणत. ज्या जागेला नाव आहे, जिथे माणसे शेती करतात, होड्या वल्हवतात, ती जागा 'शोधली' कशी जाते? अमेरिका खंडात माणसे किमान पंधरा हजार वर्षांपासून राहत आहेत. युरोपीयांचेच म्हणाल तर नॉर्स दर्यावर्दी कोलंबसाच्या सुमारे पाचशे वर्षे आधी कॅनडाच्या किनाऱ्यावर घरे बांधून राहून गेले. कोलंबसाला आपण आशियात पोहोचलो असेच वाटत होते, आणि १५०६ साली मरेपर्यंत त्याने तो हेका सोडला नाही. त्याच्या चुकीमुळे तिथल्या माणसांना 'इंडियन' हे नाव चिकटले. दुसऱ्याने चुकून दिलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या वागवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या बेटांवरचे लोक म्हणजे ताइनो. सोन्यासाठी लादलेली वेठ, उपासमार, युरोपातून आलेले रोग आणि कत्तली यांमुळे पन्नास-साठ वर्षांत त्यांचा समाज जवळजवळ नामशेष झाला. पण त्यांची वंशपरंपरा आणि त्यांचे शब्द टिकून राहिले. रताळ्यासाठी ताइनो लोकांचा शब्द होता 'बटाटा'. तो स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत गेला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला, आणि आज मराठी माणूस दुसऱ्याच एका कंदाला त्या नावाने हाक मारतो. मी वर्गात हे सांगितले तेव्हा मुले हसली, आणि मग एका मुलाने विचारले, "बाई, ते लोक गेले आणि त्यांचा शब्द आपल्या घरात राहिला?" कोलंबसाचे नाव पाठ करून असा प्रश्न कधी सुचला नसता.

तिसरा प्रश्न पृथ्वीप्रदक्षिणेचा. इथे तर छापलेले उत्तर सरळसरळ चूक आहे. मॅगेलनची पाच जहाजे सप्टेंबर १५१९ मध्ये स्पेनहून निघाली. त्यांवर अडीचशेच्या आसपास माणसे होती. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपीन्समधील मक्तान बेटावर तिथला प्रमुख लापुलापु याच्या माणसांशी लढताना मॅगेलन मारला गेला. अर्धी वाट राहून गेली होती. पुढे एल्कानो याच्या हाताखाली 'व्हिक्टोरिया' नावाचे एकच जहाज ६ सप्टेंबर १५२२ रोजी स्पेनला परतले. त्यावर अठरा माणसे उरली होती.

मॅगेलनबरोबर एक गुलाम होता. १५११ मध्ये मलाक्का पडले तेव्हा त्याने तो मिळवला आणि युरोपला नेला. त्याचे नाव एन्रिके ठेवले. त्याचे स्वतःचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मोहिमेत तो दुभाषी होता. पश्चिमेकडे जात जात जहाजे फिलिपीन्सला लागली, तेव्हा एन्रिकेची मलय बोली तिथल्या माणसांना समजली. ज्या भाषेच्या मुलखातून त्याला पूर्वेकडून उचलून नेले होते, त्याच मुलखाच्या वेशीवर तो दुसऱ्या दिशेने येऊन पोहोचला होता. आपल्या मृत्यूनंतर एन्रिकेला मुक्त करावे असे मॅगेलनने मृत्युपत्रात लिहिले होते. मॅगेलन मेल्यावर नव्या वरिष्ठांनी ते मानले नाही. काही दिवसांतच सेबू बेटावर मोठी कापाकापी झाली आणि त्यानंतर एन्रिके कागदांतून नाहीसा होतो. तिथून तो मलाक्काला पोहोचला असेल, तर पृथ्वीभोवती फिरून आपल्या ठिकाणी परतलेला पहिला माणूस एक गुलाम ठरतो. 'असेल तर' हे शब्द मी मुद्दाम वापरते. तो पोहोचलाच असे मुलांना सांगण्याचा मोह होतो, पण पुरावा तिथवर जात नाही. पुरावा जिथे थांबतो तिथे आपणही थांबायचे, हेही मुलांना शिकवले पाहिजे.

चौथा प्रश्न छपाईचा. गुटेनबर्गने जर्मनीत १४५५ च्या सुमारास बायबल छापले. धातूचे खिळे एकसारखे ओतण्याची त्याची रीत आणि त्याचे मुद्रणयंत्र यांनी युरोप बदलला, हे श्रेय त्याचे आहेच. परंतु छपाईचा शोध त्याचा नव्हे. तारीख छापलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक चीनमधले आहे आणि त्यावर इ. स. ८६८ मधील तारीख आहे. हे पुस्तक म्हणजे एक बौद्ध सूत्र, वज्रच्छेदिका. मूळ संस्कृत, चिनी भाषांतर कुमारजीवाचे. पाच मीटरहून लांब असलेली ही गुंडाळी दुनह्वांगच्या लेण्यांतून १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनने नेली आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग ज्ये नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी, सर्वांना फुकट वाटण्याकरिता हे छापवून घेतले, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. सुटे खिळे जुळवून छापण्याची कल्पनाही चीनमध्येच, १०४० च्या दशकात, बी शंग याने मातीचे खिळे भाजून प्रत्यक्षात आणली. शन् क्वा या अधिकाऱ्याने आपल्या ग्रंथात त्याची हकीकत लिहिली आणि बी शंग हा पदवी नसलेला सामान्य माणूस होता असे नमूद केले. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेले 'जिकजी' हे बौद्ध पुस्तकही आज पॅरिसमध्ये आहे.

इथे थोडे थांबू. आपल्या देशात शूद्रातिशूद्रांच्या कानावर शब्द पडू नये यासाठी नियम केले गेले. त्याच काळात बुद्धाचा शब्द दूरच्या देशात, कोणीही घ्यावा म्हणून छापून वाटला जात होता. १९५६ नंतर बुद्धाच्या वाटेने आलेल्या घरांतील मुलांना हे कळायला नको का? प्रश्नमंजूषेत ही माहिती एका ओळीची आहे, पण ती ओळ आपल्या मार्गदर्शकांत नसते.

पाचवा प्रश्न, 'गुलामगिरी कोणी नष्ट केली?' उत्तर, अब्राहम लिंकन. लिंकनची १ जानेवारी १८६३ ची घोषणा बंडखोर राज्यांतील गुलामांपुरती होती. संपूर्ण अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले आणि त्यांतले पुष्कळजण काल-परवापर्यंत गुलाम होते. फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन हे स्वतः गुलामीतून निसटून आलेले लोक त्याआधी कित्येक वर्षे हा लढा लढवत होते. लिंकनचे मोठेपण यात कमी होत नाही, पण तो एकटा राहत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेही अनेकवचनी होते. फुल्यांनी एका माणसाला पुस्तक अर्पण केले नाही, हे आपण विसरतो.

आणि अमेरिकेच्या आधी हैती आहे. फ्रान्सची सगळ्यांत श्रीमंत वसाहत, साखर आणि कॉफी पिकवणारी. ऑगस्ट १७९१ मध्ये तिथले गुलाम उठले. तुसाँ लुव्हेर्त्यूर हा एकेकाळचा गुलाम त्यांचा सेनापती झाला. फ्रेंचांनी त्याला दगा देऊन पकडले आणि १८०३ मध्ये तो फ्रान्सच्या एका थंड किल्ल्यात कैदेत मेला. तरी लढाई थांबली नाही. नेपोलियनचे सैन्य हरले आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालिन याने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांच्या यशस्वी उठावातून जन्मलेला देश हा जगाच्या इतिहासात हा एकच. त्याची किंमतही वसूल करण्यात आली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, आणि ती कुणासाठी, तर गुलाम हातचे गेलेल्या मालकांसाठी! पुढे रक्कम कमी केली, पण त्यापायी काढलेल्या कर्जांची फेड विसाव्या शतकापर्यंत चालली. 'नेपोलियनचा पराभव कुठे झाला?' या प्रश्नाला मुले 'वॉटर्लू' लिहितात. हैतीत त्याच्या फौजेचा पराभव गुलामांनी केला, हे त्यांना कोणी सांगत नाही.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे. अलीकडच्या काही मार्गदर्शकांत रोझा पार्क्स यांचे नाव येते, ही चांगली गोष्ट आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात त्यांनी गोऱ्या उतारूसाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. सांगताना मात्र असे सांगतात की एक थकलेली म्हातारी होती, पाय दुखत होते, म्हणून उठली नाही. रोझा पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शहर शाखेच्या सचिव होत्या. त्यांच्या अटकेनंतर जो अॅन रॉबिन्सन या शिक्षिकेने रातोरात हजारो पत्रके चक्रमुद्रित केली. मग ३८१ दिवस शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाय ठेवला नाही. मोलकरणी, मजूर, विद्यार्थी कामावर चालत गेले, चालत आले. पाय दुखले असतील तर ते या माणसांचे.

त्याच शहरात, त्याच वर्षी, नऊ महिने आधी, २ मार्च रोजी क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसली होती आणि तिला पोलिसांनी ओढून नेले होते. बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५६ च्या खटल्यात चार महिला वादी होत्या. त्यांतली ही एक. ती का उठली नाही? पुढे तिने सांगितले की त्या सुमारास तिच्या शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला जात होता, आणि बसमध्ये तिला हॅरिएट टबमनची आठवण होत होती. वर्गात ऐकलेले एक नाव तिला त्या बाकावर बसवून ठेवत होते. लहान मुलांना इतिहासात काय सांगतो त्याने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्याला मी हे एवढेच सांगते.

पुढच्या वर्षी मी पेपर बदलायचे म्हटले तेव्हा एका सहकाऱ्याने हरकत घेतली. तो म्हणाला, "बाई, तुमचे खरे आहे. पण पुढे स्पर्धा परीक्षेत मुलाला खुफूच लिहावा लागेल. आपल्या मुलांचे गुण कशाला घालवता?" हरकत रास्त होती. आपल्या मुलांना एकेक गुण किती महागात पडतो हे मला माहीत आहे; मीच एक कापला होता. इतिहासाचे सत्य सांगण्यापायी मुलाला परीक्षेत मागे ठेवणे ही आपल्या चळवळीची शिकवण नाही.

विचार करता करता लक्षात आले की वाट अवघड नाही. प्रश्नातला एक प्रत्यय बदलायचा. 'पिरॅमिड कोणी बांधला?' याऐवजी 'पिरॅमिड कोणासाठी बांधला गेला?' असे विचारले की उत्तर खुफूच राहते, आणि मुलाच्या डोक्यात बांधणाऱ्यांसाठी जागा मोकळी राहते. तेव्हापासून मी प्रश्न असे काढते: १४९२ मध्ये कोलंबस उतरला त्या बेटांवर कोण राहत होते? ताइनो. मॅगेलनच्या मोहिमेतील कोणते जहाज पृथ्वीला फेरी घालून परतले? व्हिक्टोरिया. तारीख छापलेले सर्वांत जुने छापील पुस्तक कोणते? वज्रच्छेदिका सूत्र. गुलामांच्या उठावातून कोणता देश जन्मला? हैती. माँटगोमेरीतील बसबहिष्कार किती दिवस चालला? ३८१. यांतला प्रत्येक प्रश्न एका गुणाचा आहे आणि प्रत्येकाचे उत्तर तपासता येते. वर्गात मी आणखी एक प्रश्न जोडते: 'हे कशावरून?' मुले मेरेरच्या रोजनिशीचे नाव सांगतात, कामगारांच्या हाडांचे सांगतात. पुराव्याशिवाय कुणाचेही, माझेसुद्धा, ऐकायचे नाही ही सवय त्यांना या वयात लागली तर बुद्धाने कालामांना जे सांगितले ते त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

एक गोष्ट आपल्या घरातलीही बोलली पाहिजे. जयंतीला आपणही प्रश्नमंजूषा घेतो. 'महाडचा सत्याग्रह कोणी केला?' आणि उत्तर एका नावाचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग चवदार तळ्यावर हजारो माणसे चालत गेली. गावोगावहून आली, पाणी प्याली, परतताना त्यांतल्या कित्येकांनी मार खाल्ला. आपल्याच वस्तीतल्या कुणाचा आजा-पणजा त्यांत होता का, हे आपण मुलांना विचारत नाही. दुसऱ्यांच्या साच्याला आपण नावे ठेवतो आणि आपला इतिहास त्याच साच्यात ओततो. बाबासाहेबांचे नाव त्या हजारोंसह घेतले तर ते लहान होणार नाही.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या शाळेतील जुन्या प्रश्नपत्रिका एकदा काढाव्यात आणि प्रत्येक 'कोणी'खाली रेघ मारून पाहावी. कार्यकर्त्यांनी आपली भाषणे तशीच तपासावीत. मी माझे तपासले आहे आणि गुलामांच्या चाबकाचे ते वाक्य काढून टाकले आहे.

त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवरची फुली मी तीन आठवड्यांनी, सगळ्या वर्गासमोर खोडली आणि तिला गुण दिला. स्पर्धेचा निकाल तोवर लागून गेला होता आणि संघ तालुक्याला जाऊन आला होता. तिने उत्तरपत्रिका घेतली, घडी केली आणि म्हणाली, "घरी दाखवते."